भाडोत्री लेखणी आणि विद्यार्थ्याचा निबंध

दुसऱ्यासाठीं लेखणी चालविणें हें आपल्याकडे कधींच कमीपणाचें मानलें गेलेलें नाहीं. व्यासांनीं सांगावें आणि गणपतीनें लिहावें, ही महाभारताच्या जन्माची कथा या कामाला थेट देवाच्या हातीं नेऊन ठेवते. दरबारांत चिटणीस होते, गांवोगांवीं कुळकर्णी होते. आणि पुढें टपालकचेरीच्या पायरीशीं बसून निरक्षरांचीं पत्रें लिहून देणारे लेखनिकहि होते. या सर्वांना कामाचा मोबदला मिळे आणि तो घेण्यांत कोणाला लाज वाटत नसे. असें असतां ‘अमक्यानें पैसे देऊन निबंध लिहवून घेतला’ हे शब्द कानीं पडतांच सुजाण माणसाचें मन कां खट्टू होतें? लिहिणारा हात तोच, लेखणी तीच, मोबदलाहि जुनाच. मग बिघडलें तें नेमकें काय? या प्रश्नाचें उत्तर नीतिपाठापेक्षां इतिहासांत अधिक स्पष्ट सांपडतें.

पुण्याहून मुंबईच्या रस्त्यानें निघालें कीं दापोडीच्या पुढें आणि पिंपरीच्या अलीकडे कासारवाडी लागते. येथेंच नाशिकचा रस्ता मुंबईच्या रस्त्यापासून फुटतो. म्हणून त्या जागेला नाशिक फाटा असें नांव पडलें. या फाट्यानें भोसरीवरून सरळ गेलें म्हणजे चाकण येतें. आज हा सारा टापू कारखान्यांचा आणि कारखान्यांत जाण्यासाठीं शिकणाऱ्या मुलांचा आहे. परंतु सतराव्या शतकांत याच टापूंत मराठीच्या इतिहासांतील एक अत्यंत निष्ठावंत लेखनिक होऊन गेला. देहूच्या तुकारामांचे अभंग ज्यांनीं वह्यांतून उतरून ठेविले, ते संताजी जगनाडे चाकणचे. घराण्याचा धंदा तेलाच्या घाण्याचा. पण हातांत लेखणी होती आणि मनांत श्रद्धा होती. त्यांच्या वह्या तुकारामांच्या गाथेचा एक मोठा आधार होऊन बसल्या. अक्षर संताजींचें, पण अभंगाच्या शेवटीं मुद्रा तुकारामांचीच. कोणाचें काय, याविषयीं लिहिणाराहि फसला नाहीं आणि वाचणाराहि फसला नाहीं.

यापूर्वींचें उदाहरण ज्ञानेश्वरीचें. शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० मध्यें, नेवासें येथें ज्ञानदेवांनीं गीतेवर निरूपण केलें आणि सच्चिदानंदबाबांनीं तें लिहून घेतलें. लेखकाच्या या सेवेचा उल्लेख ग्रंथाच्या अखेरीस आदरानें आला आहे. राजाज्ञेनें झालेल्या लेखनाचेंहि उदाहरण आहे. राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासद यांनीं १६९७ सालीं शिवछत्रपतींची बखर लिहिली. आज्ञा धन्याची, पण ग्रंथ सभासदाचा. म्हणूनच ती आज ‘सभासदाची बखर’ या नांवानें ओळखली जाते. या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. विचार कोणाचा आणि हात कोणाचा, हें उघड आहे. आजहि अंध विद्यार्थ्याला परीक्षेंत लेखनिक देतात तेव्हां हाच नियम पाळला जातो: उत्तर विद्यार्थ्याचें, अक्षर दुसऱ्याचें, आणि ही गोष्ट परीक्षकापासून लपविलेली नसते. तेव्हां दोष मोबदल्यांत नाहीं, दुसऱ्याच्या हातांतहि नाहीं. दोष लपविण्यांत आहे.

लपविण्याची गरज केव्हां उत्पन्न होते? लेखनाच्या मोबदल्यांत अधिकार किंवा नोकरी मिळूं लागते तेव्हां. याचा सर्वांत जुना धडा चीन देशानें जगाला दिला. तेथें शेंकडों वर्षें सरकारी अधिकारी निवडण्याचा मुख्य मार्ग लेखी परीक्षा हा होता. ती पद्धति १९०५ सालीं बंद झाली. उमेदवारांस लहान लहान खोल्यांत कोंडून ठेवीत. उत्तरपत्रिकेवरील नांव झांकून टाकीत. इतकेंच नव्हे, तर परीक्षकास अक्षर ओळखूं येऊं नये म्हणून सरकारी कारकुनांकडून प्रत्येक उत्तरपत्रिकेची नक्कल करवून ती नक्कलच त्याच्यापुढें ठेवीत. एवढा बंदोबस्त असूनहि पैसे घेऊन दुसऱ्याच्या जागीं परीक्षेस बसणारे लोक तेथें निपजलेच. ज्या कागदावर माणसाचें सारें भवितव्य टांगलेलें असतें, त्या कागदाचा बाजार भरतो, हा या इतिहासाचा इत्यर्थ आहे.

महाराष्ट्रांत विद्येला द्रव्याची जोड देणारी मोठी संस्था म्हणजे दक्षिणा. तिचाहि उगम कासारवाडीहून फार दूर नाहीं. याच मुंबईच्या रस्त्यावर पुढें तळेगांव आहे. तेथील सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं श्रावणमासांत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा देण्याचा प्रघात पाडला. दाभाड्यांच्या घराण्याचें वैभव ओसरल्यावर तो पुण्यास पेशव्यांकडे आला, आणि पुढें पर्वतीच्या रमण्यांत होणारें दक्षिणावाटप प्रसिद्ध झालें. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज सरकारनें ही रक्कम एकदम बंद केली नाहीं. तिच्यांतील कांहीं भागांतून १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडण्यांत आली. १८४९ सालीं लोकहितवादी गोपाळराव हरि देशमुख आणि त्यांचे सहकारी यांनीं सरकारकडे अर्ज केला कीं, या निधीचा कांहीं भाग मराठी ग्रंथांस उत्तेजन देण्याकडे खर्च व्हावा. पुण्यांतील जुन्या मंडळींनीं या अर्जाविरुद्ध मोठा गहजब केला. तरीहि १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि मराठी लेखनास बक्षिसें मिळूं लागलीं.

या घटनेचें महत्त्व बारकाईनें पाहिलें पाहिजे. येथें पैसा होता, स्पर्धा होती, परीक्षकहि होते. परंतु लेखक आपल्या स्वतःच्या नांवानें उभा राहत होता. तथापि बक्षीस हें लेखनाचें खरें माप नव्हे, हेंहि याच कमिटीच्या इतिहासावरून शिकण्यासारखें आहे. जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहून कमिटीकडे दिलें. कमिटीनें तें स्वीकारलें नाहीं. तें छापून प्रसिद्ध व्हावयास १९७९ साल उजाडावें लागलें. आज त्या नाटकाचा अभ्यास होतो. त्या काळीं बक्षिसें मिळविलेल्या कित्येक पुस्तकांचीं नांवेंहि कोणास आठवत नाहींत.

त्याच १८५५ सालीं मराठींत एका विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. मराठी भाषेंत विद्यार्थ्यांनीं आजवर लिहिलेल्या निबंधांत त्याच्या तोडीचा दुसरा निबंध दाखविणें कठीण आहे. ती विद्यार्थिनी म्हणजे मुक्ता साळवे. मांग जातींत जन्मलेली ही चौदा वर्षांची मुलगी पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकत होती. तिचें शिक्षण तें काय, तर अवघ्या तीन वर्षांचें. तिनें मांग व महार यांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रानें १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ या दोन अंकांत छापला.

या निबंधांत अलंकार नाहींत आणि पाठ केलेलीं वचनेंहि नाहींत. वेद जर ब्राह्मणांचेच असतील आणि ते पाहण्याचाहि अधिकार आम्हांस नसेल, तर आम्ही धर्मपुस्तकावांचून असलेले लोक ठरतों. मग आमचा धर्म तरी कोणता, असा सरळ प्रश्न ती मुलगी देवालाच विचारते. पेशवाईंत आपल्या लोकांवर झालेले जुलूम ती सांगते. तिच्या जातीच्या बायका बाळंत होतात तेव्हां त्यांच्या डोक्यावर छप्परहि नसतें. ऊन, पाऊस, थंडी यांत त्यांची काय दशा होत असेल, याचा विचार ज्यानें त्यानें स्वतःच्या अनुभवावरून करावा, असें ती वाचकास सांगते. शेवटीं ती आपल्या लोकांस विद्येची कांस धरण्यास विनविते. मोठमोठ्या पंडितांनीं जो प्रश्न कधीं मांडला नव्हता तो एका चौदा वर्षांच्या मुलीनें मांडला, कारण तो तिच्या घरांतला होता. असा निबंध कोणत्या बाजारांत, कोणत्या भावानें विकत मिळाला असता?

मुक्तेचा निबंध हा केवळ अपवाद नव्हता. त्या पिढींत निबंध ही जोखमीची वस्तु होती. मुंबईस १८४८ सालीं एल्फिन्स्टन संस्थेंतील विद्यार्थी आणि अध्यापक यांनीं ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. निबंध लिहावा, सभेंत वाचावा, त्यावर वाद करावा, असा तिचा क्रम होता. १८४९ सालीं स्त्रीशिक्षणावर एक निबंध वाचला गेला. त्यावरील चर्चा टाळ्यांवर संपली नाहीं, तर त्याच वर्षीं सभेच्या तरुणांनीं मुंबईंत मुलींच्या शाळा काढल्या आणि त्यांत स्वतः शिकविलें. आपण जें वाचलें त्याचा भार आपल्याच खांद्यावर पडेल, हें माहीत असलेला माणूस जपून लिहितो आणि खरें लिहितो.

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या विद्यार्थिदशेंतील प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनीं नमूद केला आहे. एल्फिन्स्टन कॉलेजांत असतांना त्यांनीं एका निबंधांत मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशीं तुलना केली, आणि ती इंग्रजी राज्यास अनुकूल नव्हती. सर अलेक्झांडर ग्रँट हे त्यांचे गुरु. शिष्यावर त्यांचें प्रेमहि होतें. तथापि या निबंधाबद्दल त्यांनीं रानड्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद ठेविली. विद्यार्थ्यानें निबंधाची किंमत मोजली ती अशी. पुढें १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले; त्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्याबरोबर रानडेहि होते. त्या एका निबंधानें त्यांची बुद्धि बिघडविली नाहीं; उलट पुढें मराठ्यांच्या सत्तेचा उदय सांगणारा इतिहासकार त्या निबंधांतच अंकुरत होता.

तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला निबंधाची किंमत लेखक मोजीत असे. ती किंमत ग्राहक मोजूं लागला, तो पालट पुढें झाला. त्याचीं कारणें समजून घेतलीं पाहिजेत. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८५९ सालीं पहिली प्रवेशपरीक्षा झाली. मॅट्रिक झालेल्या मुलास कचेरीचें दार उघडतें, हें घरोघरीं समजलें. इकडे १८७४ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं ‘निबंधमाला’ सुरू करून आणि तिचे चौऱ्याऐंशीं अंक काढून मराठी निबंधास प्रौढ रूप दिलें. तिकडे परीक्षेच्या दालनांत तोच निबंध गुणांचा एक आंकडा होऊन बसला. चिपळूणकर स्वतः सरकारी शाळेंत मास्तर होते. ती नोकरी सोडून १८८० च्या जानेवारींत त्यांनीं टिळकादि तरुणांसह न्यू इंग्लिश स्कूल काढलें. स्वतंत्र विचार शिकवावयाचा तर शाळाहि स्वतंत्र पाहिजे, ही त्यामागील भावना होती.

परंतु परीक्षेचें गाडें आपल्या चाकोरींतूनच चाललें. प्रश्न ठराविक झाले, म्हणून उत्तरें ठराविक झालीं. उत्तरें ठराविक झालीं, म्हणून तीं छापून विकणें शक्य झालें. मार्गदर्शिका आल्या, अपेक्षित प्रश्नसंच आले, ‘पावसाळ्यांतील एक दिवस’ आणि ‘मी पंतप्रधान झालों तर’ असे तयार निबंध आले. श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं अशा एखाद्या पुस्तकाची प्रत असेल. मुलानें तो निबंध पाठ केला आणि परीक्षेंत उतरला, तर त्यास कोणी चोर म्हणत नाहीं. उलट त्याच्या पाठांतराचें कौतुक होतें. पण याच ठिकाणीं मुलाच्या मनांत एक गोष्ट ठसते कीं, निबंध म्हणजे स्वतः विचार करून लिहावयाची वस्तु नव्हे. ती दुसरीकडून आणावयाची वस्तु आहे. एकदां हा समज दृढ झाला म्हणजे ती पुस्तकांतून आणिली काय आणि पैसे देऊन एखाद्या लिहिणाऱ्याकडून आणिली काय, मुलाच्या दृष्टीनें फरक फारसा उरत नाहीं. भाडोत्री लेखणीची पायरी तयार निबंधाच्या पायरीला लागूनच आहे.

आतां पुनः कासारवाडीच्या टापूकडे यावें. स्वातंत्र्यानंतर या बाजूचें रूप झपाट्यानें पालटलें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी या गांवांच्या माळांवर कारखाने उभे राहिले. १९७० सालीं पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली आणि १९८२ सालीं महानगरपालिका. पुढें उद्योगाची रांग चाकणपर्यंत जाऊन पोंचली. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसें येथें पोटासाठीं आलीं. त्यांच्या मुलांसाठीं शाळा झाल्या, तंत्रनिकेतनें झालीं, अभियांत्रिकीचीं व व्यवस्थापनाचीं महाविद्यालयें झालीं. बापानें यंत्रावर काम केलें, मुलानें त्या यंत्राच्या विद्येची पदवी घ्यावी, ही इच्छा किती रास्त! परंतु घरांतील पहिलाच पदवीचा विद्यार्थी, दिवसा कारखान्यांत काम, संध्याकाळीं वर्ग, आणि प्रकल्पाचा अहवाल लिहावयाचा तो इंग्रजींत, अशा विद्यार्थ्याची अडचण सुखवस्तु घरांतील मुलाहून निराळी असते. त्याला यंत्र कळतें, पण तें शब्दांत मांडतां येत नाहीं. आणि तें मांडावें कसें, हें त्यास कोणीं शिकविलेलें नसतें. भाडोत्री लेखक त्याच्या या अडचणीवरच आपलें दुकान थाटतो. पृष्ठामागें दर, मुदत जितकी जवळ तितका दर अधिक, आणि गुप्ततेचें आश्वासन, हा या धंद्याचा सर्व देशांतला साधारण रिवाज आहे.

हा व्यवहार विद्यार्थ्यांपुरताच राहिला असता तरी अनर्थ मोठाच होता. पण तो गुरूंपर्यंत पोंचला. विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९ सालीं असा नियम केला कीं, पीएच्.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वीं उमेदवाराचा एक तरी शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असावा. २०१० सालीं अध्यापकांच्या बढतीस गुणांकांची पद्धत लागूं झाली आणि छापलेल्या शोधनिबंधांस त्यांत गुण मिळूं लागले. हेतु चांगला होता. परंतु ज्या कागदावर बढती अवलंबून, त्याचा बाजार भरतो, हा चीनमधील धडा येथेंहि खरा ठरला. पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं नियतकालिकें निघालीं. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१८ सालीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत एक परीक्षण प्रसिद्ध केलें. आयोगाच्या मान्य यादींत विद्यापीठांच्या शिफारशीनें आलेलीं सुमारें एक हजार नियतकालिकें त्यांनीं तपासलीं. त्यांपैकीं शेंकडा ८८ हून अधिक कसोटीस उतरलीं नाहींत. पुढें २०२२ च्या नियमांत पीएच्.डी.पूर्वीं शोधनिबंध छापण्याची सक्ति आयोगानें काढून टाकली.

२०१८ सालींच आयोगानें वाङ्मयचौर्याविरुद्ध स्वतंत्र विनियम केले. त्यांतील प्रमाण असें: शेंकडा १० पर्यंत साम्य आढळल्यास शिक्षा नाहीं, १० ते ४० पर्यंत साम्य असल्यास ठराविक मुदतींत पुनः लेखन करून द्यावयाचें, ४० ते ६० पर्यंत असल्यास एक वर्ष सुधारलेला प्रबंध सादर करण्यास बंदी, आणि ६० च्या वर साम्य असल्यास नोंदणीच रद्द. महाराष्ट्रांत परीक्षेंतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ सालचा कायदा आहेच. परदेशांतहि अशी जाग आली आहे. ऑस्ट्रेलियानें २०२० सालीं आणि इंग्लंडनें २०२२ सालीं विद्यार्थ्यांस निबंध लिहून विकण्याचा धंदाच गुन्हा ठरविला. तेथील श्रीमंत विद्यार्थ्यांचे निबंध आफ्रिकेंतील केनियासारख्या देशांतील सुशिक्षित बेकार तरुण लिहून देत आले आहेत, ही त्या धंद्याची दुसरी दुःखद बाजू. ज्याच्यापाशीं ज्ञान आहे त्याला पदवीचा उपयोग नाहीं, आणि ज्याला पदवी मिळते त्याच्यापाशीं ज्ञान नाहीं!

मात्र कायद्याच्या हाताला एक मर्यादा आहे, ती ओळखली पाहिजे. साम्य शोधणारें यंत्र शब्दांशीं शब्द ताडून पाहतें. पुस्तकांतून उतरलेला निबंध त्यास सांपडतो. परंतु पैसे घेऊन नव्यानें लिहून दिलेला निबंध त्या यंत्राच्या दृष्टीनें स्वच्छच असतो, कारण तो दुसरीकडे कोठें छापलेला नसतो. म्हणजे उघड नक्कल करणारा गरीब विद्यार्थी पकडला जातो आणि पैसे मोजणारा सुटतो. त्यांतच नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी लोकांपुढें आलें आणि सांगाल त्या विषयावर क्षणार्धांत मजकूर लिहून देणारी लेखणी घरोघरीं पोंचली. भाडोत्री लेखकाचें काम आतां यंत्रहि करूं लागलें. प्रश्न मात्र तोच राहिला. हा विचार कोणाचा?

या रोगावरील औषध पहाऱ्यापेक्षां प्रश्नांत अधिक आहे. जो प्रश्न सर्वांस सारखा लागू पडतो त्याचें उत्तर विकत मिळतें. जो प्रश्न एकाच विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर आहे त्याचें उत्तर त्यालाच द्यावें लागतें. ‘प्रवासाचीं साधनें’ या विषयावर कोणीहि, कोठेंहि बसून चार पानें लिहील. परंतु कासारवाडीच्या मुलास असें सांगावें कीं, तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरांत दळणवळणाच्या तीन पिढ्या आहेत, त्यांच्याविषयीं लिही. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा लोहमार्ग १८५८ सालीं खुला झाला. त्याच मार्गावर कासारवाडीचें स्थानक आहे. नाशिक फाट्यावर दोन महामार्ग मिळतात, आणि तेथील उड्डाणपुलास जे. आर. डी. टाटा यांचें नांव दिलेलें आहे. ६ मार्च २०२२ रोजीं येथून पुणें मेट्रो धांवूं लागली. एवढी माहिती पुस्तकांत मिळेल. परंतु फाट्यावरच्या दुकानदाराचें गिऱ्हाईक उड्डाणपुलानें वाढलें कीं घटलें, सकाळच्या लोकलला कोण लोक चढतात आणि मेट्रोला कोण, आजोबा पिंपरीस कामावर पायीं जात कीं सायकलीनें, आणि गांवाच्या नांवांत ‘कासार’ हा शब्द कां आला म्हणून जुनी माणसें सांगतात, हें त्या मुलानेंच विचारून आणिलें पाहिजे. हें विचारून येण्याचें काम दूर बसलेल्या भाडोत्री लेखकास परवडणारें नाहीं, आणि यंत्रास तर पायच नाहींत.

असा निबंध लिहिण्याची रीतहि अवघड नाहीं. प्रथम विषय लहान करावा. सगळा रस्ता न घेतां एक फाटा घ्यावा. मग जें पाहिलें, ऐकलें, वाचलें तें निरनिराळें टिपून ठेवावें, आणि जें दुसऱ्याचें तें कोणाचें हें तेथल्या तेथें लिहावें. संताजींच्या वहीची ही शिकवण विसरूं नये. नंतर आपणांस सांगावयाचें काय, तें एका वाक्यांत मांडून पाहावें. तें वाक्य साधत नसेल तर विचार अजून पिकला नाहीं, असें समजावें. पहिला खर्डा पुस्तकें मिटून लिहावा. म्हणजे भाषा आपली येते. इंग्रजींत लिहावयाचें असल्यास आधीं मराठींत स्पष्ट विचार करावा, मग सोप्या इंग्रजींत उतरावा. शब्द अडले तर शिक्षकास विचारण्यांत कमीपणा नाहीं. सबंध निबंध दुसऱ्यावर सोपविण्यांत आहे. शेवटीं मोठ्यानें वाचून पाहावा. जें वाक्य वाचतांना जिभेस परकें वाटेल, तें बहुधा परकेंच असतें.

शिक्षकाचीहि एक बाजू आहे. निबंध घेऊन त्यावर गुण टाकले म्हणजे काम झालें, असें नव्हे. विद्यार्थ्यास समोर बसवून दहा मिनिटें त्याच्याच निबंधाविषयीं विचारावें: हें तूं कोठें पाहिलेंस, हा आंकडा कोठून आणलास, येथें असें कां म्हटलेंस? स्वतः लिहिलेल्या मुलाचे डोळे अशा प्रश्नांनीं उजळतात. विकत आणलेल्याची जीभ अडखळते. पाऊणशें मुलांच्या वर्गांत हें कठीण आहे, हें खरें. म्हणून निबंध कमी द्यावेत, पण दिलेला निबंध बोलून तपासावा. १८४८ च्या त्या मुंबईच्या सभेंत निबंधावर वाद होत असे, म्हणूनच तेथें निबंध उसना आणण्याची सोय नव्हती.

पुणें विद्यापीठाची स्थापना १९४९ सालीं झाली, आणि २०१४ सालीं त्याला सावित्रीबाई फुले यांचें नांव देण्यांत आलें. कासारवाडी, भोसरी, चाकण येथील असंख्य मुलेंमुली आज याच विद्यापीठाच्या पदव्या घेतात. ज्या बाईनें दगड-शेण सोसून शाळा चालविली, तिच्या शाळेंत तीन वर्षें शिकून मुक्ता साळवे आपल्या लोकांचें दुःख स्वतःच्या शब्दांत मांडूं शकली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यातर्फे दुसरेच बोलत आले, त्यांनीं स्वतः बोलावें, यासाठीं तर ती शाळा होती. त्याच घरांतील मुलानें आज पदवीपर्यंत पोंचावें आणि ऐन बोलण्याच्या वेळीं पैसे देऊन दुसऱ्याचा आवाज विकत घ्यावा, यांत फसवणूक होते ती परीक्षकाची थोडी आणि त्या मुलाची फार. परीक्षक एक निबंध तपासून मोकळा होतो. त्या मुलास मात्र आपलें म्हणणें कसें मांडावें, हें न शिकतांच उरलेलें आयुष्य काढावें लागतें. अर्ज लिहावयाचा, अन्यायाविरुद्ध दाद मागावयाची, सभेंत उठून दोन शब्द सांगावयाचे, प्रत्येक वेळीं त्याला पुनः भाड्याची लेखणीच शोधावी लागते. निबंध लिहावयास शिकणें म्हणजे या परावलंबनांतून सुटणें होय. आणि ही सुटका आजवर कोणास विकत मिळालेली नाहीं.